आधी आकाश मळतं

आधी आकाश मळतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा एखादा पौराणिक चित्रपट लावा आणि युद्धाचा प्रसंग नीट पाहा. दोन योद्धे समोरासमोर उभे असतात, चित्र स्वच्छ असतं. मग एकजण धनुष्य ताणतो, आणि बाण सुटायच्या क्षणभर आधी मागचं आभाळ दाणेदार होतं. उजेड-सावल्या कडक दिसू लागतात, सगळं चित्रच किंचित थरथरतं. जुना प्रेक्षक मांडी सावरून बसतो, कारण आता चमत्कार होणार हे त्याला कळलेलं असतं. एका बाणातून आग निघते, दुसऱ्यातून पाऊस. आभाळात दोघांची गाठ पडते आणि आग विझते.

चमत्काराने असं वर्दी देऊन यावं, हे जादूगाराच्या धंद्यात बसत नाही. तरीही हे चित्रपट चालले, शहरातून तालुक्याला आणि तालुक्यातून जत्रेच्या तंबूत गेले, आणि लोकांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. कमी पैशांत हे चमत्कार करत कसे, आणि करामत दिसत असूनही ते रुचायचे का, असे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कॅमेऱ्यात आहे, दुसऱ्याचं बरंचसं नगर जिल्ह्यात सापडतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. जुन्या गोष्टी सांगताना इथे जुनंच नाव येईल.

अस्त्राला अस्त्र

पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा चालते आणि तिथला गाढवांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. ज्या गर्भगिरीच्या डोंगरांत हे गाव आहे, तिथे नाथांची ठाणी जागोजाग आहेत. या पट्ट्यात 'नवनाथ भक्तिसार' श्रावणात घरोघर वाचला जातो. मालू कवीचा हा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१चा, म्हणजे १८१९ सालचा, अध्याय चाळीस.

ज्याने हा ग्रंथ ऐकला आहे, त्याला पौराणिक साहसपट नवा नाही. अग्न्यस्त्र आलं की पर्जन्य सोडायचा, पर्वत अंगावर आला की वज्र सोडायचं. वाताकर्षणाने समोरच्याचा श्वासच ओढून घ्यायचा. मुलं चिखलाचा बाहुला करायला सांगतात, गोरक्ष करतो, तोंडाने संजीवनी मंत्र चालू असतो, आणि बाहुला रडू लागतो. तेच गहिनीनाथ. गुरूला सोन्याच्या विटेचा मोह पडला तर शिष्य अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवतो. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने या नाथकथेवर १९३२ साली 'माया मच्छिंद्र' काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ झाले होते, मास्टर विनायक गोरक्षनाथ, आणि स्त्रीराज्याची राणी होत्या दुर्गा खोटे.

त्याच साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये एक चौदा वर्षांचा मुलगा कृष्ण झाला. शाहू मोडक. जन्म १९१८, गाव अहमदनगर, घर मराठी ख्रिस्ती. अमेरिकन मिशन नगरमध्ये १८३१पासून होतं. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताची कीर्तनं केली ती याच परिसरात. देव कुठलाही असो, तो टाळाच्या ठेक्यावर आणि गोष्टीतून समोर उभा करायचा, ही इथली जुनी सवय. शाहू मोडक पुढे तीसच्या आसपास चित्रपटांत कृष्ण झाले. १९४०च्या प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ते ज्ञानेश्वर होते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, म्हणजे त्यांच्याच जिल्ह्यात. पडद्यावरचा कृष्ण कुठल्या घरचा, हे नगरच्या माणसाला माहीत होतं आणि त्याचे हात तरीही जोडले जात होते. ही गोष्ट लक्षात ठेवून आता कॅमेऱ्याकडे जाऊ.

थांबवा, बदला, चालू करा

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त करामत म्हणजे अंतर्धान पावणं. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा. दरबार भरला आहे, मधोमध नारद. दिग्दर्शक 'थांबा' म्हणतो आणि सगळे जिथल्या तिथे गोठतात. कॅमेरा बंद होतो. नारदाचं काम करणारा नट चालत चौकटीबाहेर जातो, बाकीचे हात उचललेल्या, मान वळवलेल्या अवस्थेत तसेच उभे राहतात. कॅमेरा पुन्हा सुरू. पडद्यावर मधला वेळ नसतोच, त्यामुळे नारद होता होता नाहीसा होतो.

यातली खरी मेहनत नारदाची नसते. ती गोठून उभ्या राहिलेल्या दरबाऱ्यांची असते. एखाद्याने श्वास सोडला, पापणी लवली, तर जोड दिसतो. शिवाय कॅमेरा थांबताना फिल्मची गती मंदावते, शेवटच्या दोन-चार चौकटींवर जास्त उजेड पडतो आणि त्या पांढऱ्याफटक होतात. संकलक त्या कापून टाकतो. तरी उडी उरतेच. म्हणून नेमक्या जोडावर धुराचा लोट सोडायचा आणि झांजेचा खणखणाट करायचा. देव धुरातून का प्रकटतात, याचं निर्मात्याकडचं उत्तर एवढंच.

ही युक्ती फ्रेंच जादूगार जॉर्ज मेलिएसच्या हाती अपघाताने लागली. पॅरिसच्या चौकात चित्रण करताना फिल्म अडकली, ती सोडवेपर्यंत मिनिटभर गेलं. नंतर पडद्यावर पाहतो तर घोड्यांच्या बसची प्रेतगाडी झालेली, असं तो सांगत असे. आपल्याकडे ही विद्या आली तीही एका जादूगाराच्याच हाताने. दादासाहेब फाळके 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करत. फाळके उलटं वाचलं की केळफा. सिनेमासाठी भांडवल उभं करताना त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवली होती. रोज थोड्या थोड्या चौकटी घ्यायच्या. म्हणजे 'थांबवा, बदला, चालू करा' हेच, फक्त बदलण्याचं काम रोपावर सोडलेलं. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये मारुतीची झेप होती, पेटती लंका होती, आणि राम व सीता ही दोन्ही कामं अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केली होती. लोकांनी ते सारं मान्य केलं.

काळं म्हणजे कोरं

फिल्मवर फक्त उजेडाचा ठसा उमटतो. काळ्या मखमलीवरून उजेड जवळपास परतत नाही. म्हणजे मखमलीसमोर काही चित्रित केलं, तर मागची सगळी जागा फिल्मवर कोरी राहते. ती फिल्म मागे गुंडाळून घ्यायची आणि त्याच पट्टीवर दुसरं दृश्य टिपायचं. आधी मखमलीसमोर कमळात बसलेली लक्ष्मी, मग तिच्यासाठी अंधार राखून ठेवलेली भक्ताची झोपडी. दोन्ही ठसे एकाच चौकटीत येतात आणि कोपऱ्यातल्या अंधारात वीतभर लक्ष्मी उजळते. झोपडीच्या त्या भागात थोडा जरी उजेड राहिला, तर देवीच्या अंगातून मागची भिंत दिसते. तेही खपून जायचं. देव आरपार दिसला तर प्रेक्षकाला त्यात वावगं वाटत नसे.

हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला आठ चौकटी पुढे सरकत. कॅमेरामन फेरे मोजत काम करी. भक्ताने बाराव्या फेऱ्याला मान लववली, तर देवीचा हातही बाराव्या फेऱ्यालाच उठायला हवा. मोजणी चुकली की देवी आधी आशीर्वाद देई आणि भक्त मागाहून नमस्कार करी. अशा चुकीला दुसरी फिल्म घालवणं परवडण्यासारखं नसे.

याच हिशेबाचा पुढचा भाग म्हणजे डबल रोल. भिंगाचा अर्धा भाग झाकून डावीकडचा प्रसंग घ्यायचा, फिल्म मागे न्यायची, मग उरलेला अर्धा झाकून त्याच नटाला उजवीकडे उभं करायचं. दोन अर्ध्यांच्या सीमेवर एखादा खांब किंवा झाड ठेवलं की जोड त्यात लपतो. नटाने मात्र ती अदृश्य रेघ ओलांडायची नाही, नाहीतर हात मध्येच तुटतो. आपल्या बोलपटांतला पहिला डबल रोल १९३३ सालचा मानला जातो. चित्रपटाचं मराठी नाव 'औट घटकेचा राजा', हिंदी 'आवारा शहजादा', आणि नट होते नगरचे शाहू मोडक.

काळा दोरा

पौराणिक करामतींच्या दुनियेतलं सगळ्यात मोठं नाव बाबुभाई मिस्त्री. मूळचे सुरतेचे. १९३७च्या 'ख्वाब की दुनिया'साठी दिग्दर्शक विजय भट्ट यांना अदृश्य माणूस हवा होता, हॉलिवूडच्या 'इनव्हिजिबल मॅन'सारखा. प्रयोगशाळेतली महागडी साधनं हाताशी नव्हती. बाबुभाईंनी काळा दोरा वापरला. काळा पडदा मागे, वस्तूला काळा दोरा, उजेड फक्त वस्तूवर. बारीक काळा दोरा काळ्या पडद्यासमोर कॅमेऱ्याला दिसत नाही. पेला आपोआप उचलला जातो, दार आपोआप उघडतं. या कामापायी त्यांचं नावच 'काला धागा' पडलं.

पुढे होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्ससाठी आणि इतरांसाठी त्यांनी याच दोऱ्यावर गदा, चक्रं, गालिचे आणि राक्षसांची मुंडकी उडवली. दोऱ्याचे नियम कडक असतात. वस्तू हलकी हवी, नाहीतर जाड दोरा लागतो आणि तो दिसतो. उजेड दोऱ्यावर पडता कामा नये. वस्तू दोनच दोऱ्यांवर टांगली तर झोके घेते, तीन-चारांवर स्थिर राहते. म्हणून कृष्णाचं सुदर्शन पत्र्याचं नसून बहुधा पुठ्ठ्याचं असतं, आणि बोटावरून निघताना ते किंचित डुलतं.

माणूस उडवायचा तर दोरा पुरत नाही. मग उलटा विचार करायचा, मारुतीला जागेवर ठेवायचं आणि आभाळ ओढायचं. ढग रंगवलेलं लांबलचक कापड दोन रुळांवर गुंडाळायचं आणि नटाच्या मागून फिरवायचं. समोरून पंखा लावला की शेला फडफडतो. कापडाचा तुकडा छोटा असेल, तर तोच ढग चौथ्यांदा जाताना दिसतो. तंबूतली पोरं ते ढग मोजत असली तर नवल नाही.

उलटा कॅमेरा, छोटी लंका

बाण भात्यात परत येतो, फुटलेली मूर्ती सांधली जाते, हार जमिनीवरून उठून गळ्यात पडतो. ही सगळी दृश्यं उलटी चालवलेली असतात. हार गळ्यातून ओढून खाली टाकायचा आणि फिल्म उलटी दाखवायची. कॅमेरा फक्त पुढेच चालत असेल तरी अडत नाही. कॅमेराच डोक्यावर उभा करून चित्रित करायचं, आणि संकलनात त्या पट्टीचं शेवटचं टोक पुढे घेऊन ती फिरवून जोडायची. चित्र सुलटं होतं आणि काळ उलटा. यात घात करतो तो धूर. आसपास उदबत्ती जळत असेल, तर तिचा धूर वरून खाली उतरून काडीत शिरताना दिसतो.

लंका, द्वारका, पाताळ हे सगळं टेबलावर मावेल एवढं बांधत. इथे एक साधं गणित आहे. लहान वस्तू कमी उंचीवरून पडते, म्हणून झटकन पडते आणि खेळणं असल्याचं कळतं. पडणं भारदस्त दिसावं, तर कॅमेरा जास्त वेगाने चालवून दृश्य मंद करावं लागतं. किती वेगाने, ते आकाराच्या वर्गमुळाने ठरतं. बुरूज खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचा केला, तर वेग चौपट हवा, म्हणजे सेकंदाला २४ऐवजी ९६ चौकटी. चौपट वेग म्हणजे चौपट फिल्म. फिल्म महाग, म्हणून थोडक्यात भागवलं जाई आणि रावणाचा महाल पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा कोलमडे.

वेग नीट साधला तरी आग आणि पाणी लहान होत नाहीत. ज्वाळेची जीभ आणि पाण्याचा थेंब यांचा आकार ठरलेला. वीतभर नौकेवर साधा थेंब उडाला तरी तो तिच्यापुढे अवाढव्य दिसतो आणि समुद्राचं बिंग फुटतं. जुन्या चित्रपटात खरं-खोटं ओळखायचं असेल, तर इमारतीकडे पाहू नका, तिच्या आगीकडे पाहा.

आकाश का मळतं

आता सुरुवातीचं कोडं. वळणं घेत जाणारे, तोंडातून ज्वाळा सोडणारे बाण दोऱ्यावर होत नाहीत. ते चितारावे लागतात. काळ्या पाटीवर बाण ठेवायचा, एक चौकट टिपायची, बाण बोटभर सरकवायचा, पुढची चौकट टिपायची. सेकंदाला २४ चौकटी. बाणांची पाच सेकंदांची लढत म्हणजे १२० वेळा सरकवणं.

ही बाणांची पट्टी नटांच्या दृश्यावर बसवायची, तर मूळ निगेटिव्हला हात लावता येत नाही. मूळ निगेटिव्हवरून एक प्रत काढतात. ती प्रत आणि बाणांची पट्टी यांचं एकेक चौकट करून पुन्हा चित्रण करतात, आणि त्यातून नवी निगेटिव्ह तयार होते. म्हणजे ही प्रतीची प्रत. कागदाची झेरॉक्स, मग झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरं जशी जाड आणि कागद जसा कळकट होत जातो, तसंच इथे होतं. फिल्मचे कण वाढतात, काळं अधिक काळं होतं. नोंदणी केसभर हलली की चित्र थरथरतं. पैसे वाचवायचे म्हणून अशी प्रत करामतीच्या तेवढ्याच तुकड्याची काढत. त्यामुळे स्वच्छ दृश्याला एकदम मळका तुकडा जोडला जातो, आणि बाण अजून सुटायचा असतो तोच आभाळ मळतं.

ही रीत पौराणिकांतून सामाजिक चित्रपटांतही गेली. तिचा सगळ्यांनी पाहिलेला नमुना शिर्डीच्या साईबाबांचा, म्हणजे नगर जिल्ह्याशीच नातं सांगणारा. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'त साईबाबांच्या मूर्तीच्या डोळ्यांतून दोन ज्योती निघतात आणि आंधळ्या आईच्या डोळ्यांत शिरतात. ती आई होती निरूपा रॉय. १९५०च्या 'हर हर महादेव'मध्ये त्याच पार्वती होत्या. मुंबईच्या रंगीत मसालापटात मनमोहन देसाईंनी पौराणिकाचा एक तुकडा जसाच्या तसा आणून ठेवला, आणि कोणी हसलं नाही.

थोडक्यात भागायचं कसं

पौराणिक चित्रपट कमी पैशांत व्हायचा, त्याची कारणं हिशेबाची आहेत. कथेचे हक्क कोणाकडून घ्यायचे नसत. मुकुट, गदा, सिंहासन, खांब एकदा केले की दहा चित्रपटांना पुरत. आज जो इंद्राचा दरबार, तो रंग बदलून उद्या कंसाचा. नटसंचही ठरलेला असे. महिपालसारखा देखणा नट कधी राम, कधी विष्णू होई. मोठी तारका होण्याआधी मीनाकुमारी बसंत पिक्चर्सच्या 'श्री गणेश महिमा' (१९५०) आणि 'हनुमान पाताल विजय' (१९५१) यांत झळकली. बाबुभाईंनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'पारसमणी'तून (१९६३) लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही जोडी संगीतकार म्हणून पुढे आली. इथे नव्या माणसाला संधी मिळे, कारण चित्रपट नटाच्या नावावर विकायचा नसे, देवाच्या नावावर विकायचा असे.

सगळ्यात मोठी बचत मात्र पटकथेत होती. सामाजिक चित्रपटात नायक कोण, त्याचं घर कसलं, वैर कशापायी, हे दाखवण्यात पाऊण तास जातो. इथे कोणी जटा सोडून आला की तो कोण, त्याला राग लवकर येतो, आणि त्याला पाणी विचारायला विसरलं तर काय होईल, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक. निर्मात्याने न बांधलेला अर्धा सेट आणि न लिहिलेली अर्धी कथा प्रेक्षक घरून घेऊन येई. १९७५ साली 'शोले' आणि 'दीवार'च्या जोडीला 'जय संतोषी माँ' हा अगदी कमी खर्चाचा चित्रपट धो धो चालला, लोक चपला बाहेर काढून आत बसले, पडद्यावर नाणी उधळली. त्या गर्दीने तिकिटाबरोबर आपला शुक्रवारही आणला होता.

तंबूत

अशा चित्रपटाचं शेवटचं मुक्कामाचं ठिकाण म्हणजे जत्रा. ट्रकवर सामान लादून फिरत्या टॉकीजवाले गावोगाव जात. माळावर कनाती उभ्या राहत, वर तंबू, समोर पडदा, मध्ये माती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. संध्याकाळी भोंग्यावरून चित्रपटाची जाहिरात सुरू होई. खेळ अंधार पडल्यावरच, कारण कापडाच्या तंबूत दिवसा काळोख करता येत नाही. काही ठिकाणी पडद्यामागेही लोक बसत. कापड आरपार असल्याने त्यांनाही चित्र दिसे, फक्त आरशातल्यासारखं. त्यांचा राम डावखुरा असे.

प्रोजेक्टर ट्रकवर किंवा स्टँडवर. आत दोन कार्बनच्या कांड्या, त्यांच्या टोकांमधल्या फटीत विजेची ठिणगी सतत पेटती ठेवायची, तोच दिवा. कांड्या जळून आखूड होतात, फट वाढते, उजेड पिवळा पडतो. म्हणून ऑपरेटरला सारखी नजर ठेवून कांड्या पुढे सरकवाव्या लागत. त्याला डुलकी लागली की पडद्यावर सूर्यास्त होई आणि शिट्ट्यांनी तो जागा होई. फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. एकच मशीन असेल तर दर रिळाला खोळंबा. सीतेला रावणाने उचललं, की नेमके दिवे लागत आणि शेंगदाणेवाला आत येई.

तंबूत येणारी प्रिंट आधी शहरं फिरून आलेली असे. प्रत्येक खेळाला तिच्यावर चरे पडत, आणि पडद्यावर त्या चऱ्यांचा पाऊस दिसे. वारंवार तुटल्यामुळे ती जागोजाग जोडलेली असे. तुटलं की फाटक्या चौकटी कापून टाकायच्या आणि दोन टोकं चिकटवायची. चौकटी गेल्या की पडद्यावर उडी. राजा सिंहासनापाशी असतो तो एकदम दाराशी दिसतो.

मघाशी नारद नाहीसा झाला तो याच रीतीने. मधल्या चौकटी नाहीत, एवढंच दोन्हीकडे घडलेलं असतं. एक उणीव निर्मात्याने मुद्दाम केलेली, दुसरी झिजेने झालेली. फिल्मच्या पट्टीवर चमत्कार आणि फाटणं यांत काही फरक नाही. फरक करतो तो मातीत बसलेला माणूस. राजाच्या उडीला तो शिट्टी मारतो, नारदाच्या उडीला हात जोडतो, आणि दोन्ही वेळा त्याला जोड दिसलेला असतो.

तंबूंचे शेवटचे दिवस 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात नोंदले गेले आहेत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी तो महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवाल्यांबरोबर राहून केला आणि तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. रीळ जाऊन डिजिटल येण्याच्या काळातली ती गोष्ट आहे.

मुखवट्याची दोरी

करामत दिसत असूनही रस टिकायचा, याचं कारण भोळेपणात शोधण्याची आपल्याला घाई असते. अकोले तालुक्यातल्या आदिवासी गावांत बोहाडा होतो. देवादिकांची सोंगं मुखवटे घालून, संबळाच्या तालावर एकामागून एक नाचत येतात. मुखवटा कागदाच्या लगद्याचा, त्याची दोरी मागे बांधलेली, खाली धोतर रोजचंच. सोंग कोणाच्या घरातलं, हे गावाला ठाऊक असतं. तरी सोंग आलं की लोक पाया पडतात. मुखवट्यामागे गावातलाच माणूस आहे हे माहीत असणं, हाच त्यातला अर्धा आनंद असतो. आपल्यातल्याच एकाच्या अंगावर देव आला आहे. दोरी दिसली नाही, तर तो आपल्यातला आहे हे कळणार कसं?

शाहू मोडकांचा कृष्ण, साळुंक्यांची सीता, बाबुभाईंचा दोरा, टेबलावरची लंका हे सगळं त्या दोरीच्याच जातीचं आहे. आजची संगणकावरची करामत जोड ठेवत नाही. ती पाहणाऱ्याकडून काही मागत नाही, म्हणून त्याला तिच्यात काही घालताही येत नाही. जुन्या पौराणिकात जागोजाग फटी होत्या, आणि प्रत्येक फट भरायला प्रेक्षकाकडे ऐकलेली पोथी, पाहिलेलं सोंग, आजीने सांगितलेली गोष्ट होती.

हे करून पाहणंही अवघड नाही. मोबाईल स्टूलवर टेकवा, न हलेल असा. घरातल्या चार माणसांना उभं करा, मधल्याने हात वर करून 'नारायण नारायण' म्हणायचं. तुम्ही 'थांबा' म्हणालात की चित्रण थांबवा, मधल्याला बाहेर काढा, पुन्हा सुरू करा, आणि दोन्ही तुकडे जोडा. पहिल्या खेपेला जमणार नाही. नाहीसा होणारा आपलं काम चोख करील. चुका होतील त्या उभ्या राहिलेल्यांच्या. कोणी हसेल, कोणी खांदा सोडील.

ते जमलं, की एखादा जुना पौराणिक पुन्हा लावा आणि नारद नाहीसा होताना नारदाकडे पाहू नका. त्याच्या मागच्या द्वारपालाकडे पाहा. दिवसाच्या मजुरीवर आणलेला तो एक्स्ट्रा नट, हातात लाकडी भाला धरून, श्वास रोखून उभा आहे. धूर उठतो, झांज वाजते, आणि त्याच्या भाल्याचं टोक बोटभर सरकतं.